झीज आणि गंज
(वडिलार्जित सायकलीच्या जीर्णोद्धाराविषयी थोडा विचार)

वडिलांच्या मागे घरात ज्या वस्तू राहतात त्यांचे करायचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात एकदा तरी उभा राहतो. जमीन असली तर तिचे हिस्से पडतात. घर असले तर मधून भिंत उभी राहते. रोकड असली तर ती मोजून वाटली जाते, आणि मोजताना भाऊभाऊ एकमेकांच्या बोटांकडे बघतात. परंतु वडिलांची काठी, पागोटे, चष्मा, जेवणाचे ताट, आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांत त्यांची सायकल, या वस्तूंचे हिस्से कसे पाडणार? पुढचे चाक थोरल्याला आणि मागचे धाकट्याला, असे काही होत नाही.

आमच्या स्मृतिकारांनी याचा विचार केलेला आहे. मनूने ज्या वस्तू वाटणीत धरू नयेत म्हणून सांगितल्या त्यांत वस्त्र आणि अलंकार यांच्या जोडीला वाहनही सांगितले आहे. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत, विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली. तिच्यात त्यांनी बृहस्पतीच्या वचनाचा आधार घेऊन असा निर्णय दिला की वडिलांनी स्वतः वापरलेली वस्त्रे, शय्या, वाहन इत्यादि वस्तू त्यांच्या पश्चात गंधपुष्पांनी पूजून श्राद्धाला जेवणाऱ्यास अर्पण कराव्यात. यात दोन गोष्टी आल्या. एक, अशी वस्तू इतर मालमत्तेसारखी नाही. तिला आदर आहे. दुसरी, आदर आहे म्हणून ती कोंडून ठेवायची नाही. तिने कुणाच्या तरी उपयोगी पडायचे आहे. या दोन गोष्टींची सांगड कशी घालायची, हाच आजचा विषय. आणि तो आम्हांला पोथीतून न सुचता एका जुन्या सायकलीवरून सुचला, हे आधीच सांगून टाकतो.

सोलापूर जिल्ह्यातील एका गावी सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे सख्खे भाऊ भेटायला आले. थोरले आमच्याच वयाचे, धाकटे चार-पाच वर्षांनी लहान, नोकरीनिमित्त जन्म मुंबईत काढून आता गावी परतलेले. त्यांचे वडील, त्यांना ते तात्या म्हणत, प्राथमिक शिक्षक होते. आधी लोकल बोर्डाच्या आणि 1962 नंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी नोकरी केली. शाळा तीन कोस दूर. जाणे-येणे रोज सायकलीवर. निवृत्तीनंतर पाय थकले तशी सायकल पडवीत भिंतीला टेकून उभी राहिली. तात्या गेल्यावर ती तेथून गोठ्यात गेली आणि गोठ्यातच राहिली. आता धाकट्या भावाने ती बाहेर काढली, शहरातल्या एका कारखान्यात बोलणी केली, आणि वाळूचा मारा करून जुना रंग पार उतरवून, नवा रंग आणि नवा मुलामा चढवून ती कोरी करकरीत करायचे ठरवले. थोरल्याने सायकलीच्या दांडीला हात घालून सांगितले, "ही येथून हलणार नाही." दोन दिवस घरात अबोला होता. शेवटी थोरले म्हणाले, "महाराज, तुम्ही धर्माधर्म सांगता. हे एवढं सांगा."

आता ही सायकल कोणती, तेही सांगितले पाहिजे, कारण यंत्राचे काही न कळता यंत्राचा धर्म सांगणे बरे नव्हे. सायकल रॅले कंपनीची, इंग्लंडातील नॉटिंगहॅम गावी बनलेली. तेथील रॅले स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरचा छोटासा कारखाना फ्रँक बाऊडन यांनी वाढवला. कंपनी आपला जन्म 1887 सालचा सांगते. तिच्या दात्यांच्या चाकात बगळ्याच्या माना कोरलेल्या असतात, त्यावरून ती लांबूनही ओळखू येते. चाके अठ्ठावीस इंची, टायर दीड इंची. पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40. ब्रेक सळ्यांचे, त्यांचे रबर रिमला आतल्या बाजूने जाऊन भिडते. रंग काळा, भट्टीत भाजून पक्का केलेला, त्यावर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा. तात्यांनी ती 1950 नंतर केव्हातरी कुणाकडून तरी जुनीच विकत घेतली होती. चेन झाकणाऱ्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या तैलरंगाने त्यांनी स्वतःच्या हाताने आपले नाव आणि गावाचे नाव लिहिले होते. शिक्षकाचे अक्षर ते, मोत्यासारखे वळणदार. शिरोरेघ अशी सरळ की पट्टी लावून ओढली असे वाटावे.

घरात मते तीन होती. धाकट्याचे म्हणणे, "तात्या दर रविवारी सायकल पुसत. तिच्यावर डाग म्हणून दिसू देत नसत. गंजलेली सायकल घरात ठेवणं हाच त्यांचा अपमान. तिला पहिल्यासारखी करणं म्हणजे त्यांची आज्ञा पाळणं." थोरल्याचे म्हणणे, "जे आहे ते तात्यांचं आहे. रंग उतरवला की तात्या उतरले. मग बाजारातून नवी सायकल आणून तिला हार घातला तरी काय फरक पडणार?" आणि तिसरे मत थोरल्यांच्या नातवाचे. तो कॉलेजात जाणारा. तो म्हणाला, "आजोबा, चालत नाही ती सायकल कसली? मला द्या, मी चालवतो."

नातवाचे बोलणे ऐकून आम्हांला हसू आले, कारण तो न शिकताच शास्त्र बोलत होता. जी वस्तू आपले काम करते तीच खरी वस्तू, असे मानणारे बौद्ध नैयायिक आपल्याकडे होऊन गेले. त्यांनी त्याला अर्थक्रिया असे नाव दिले. असो.

पहिला संशय असा की भाग बदलले तर ती सायकल तीच राहते का? हा वाद फार जुना आहे. मिलिंदप्रश्नात नागसेन भिक्षू यवन राजाला विचारतात की ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे आस का, चाक का, जू का, दांडा का. आणि राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. आमचे नैयायिक याच्या उलट. ते म्हणतात, अवयवांहून वेगळा असा अवयवी आहे, तंतूंहून वेगळे असे वस्त्र आहे. पण त्यांची शिस्त इतकी कडक की वस्त्रातला एक धागा उपसला तरी जुने वस्त्र नष्ट झाले आणि नवे खंडपट उत्पन्न झाले, असे ते मानतात. या न्यायाने बघितले तर तात्यांनी पहिले पंक्चर झाल्यावर ट्यूब बदलली त्याच दिवशी ती सायकल दुसरी झाली! मग थोरले भाऊ सांभाळतात ती कोणती? आणि महाभाष्यात पतंजली सोन्याचे उदाहरण देतात: गोळा मोडून कडे केले, कडे मोडून दुसरा अलंकार केला, आकार बदलत गेला पण सोने तेच राहिले. सायकलीचे बरोबर उलटे आहे. आकार तोच राहतो आणि द्रव्य बदलत जाते. टायर झिजतात, चेन ताणते, छर्रे फुटतात, ब्रेकचे रबर जाते. तीस वर्षे रोज चालवलेल्या सायकलीत मूळचे किती उरले असेल, याचा हिशेब तात्यांनी कधी ठेवला नसेल.

तरीही पंडितांनी काही म्हटले तरी ते भाऊ सायकलीकडे बघतात आणि "तीच ही" असे म्हणतात. या ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात. "तोच हा देवदत्त" हे तिचे शाळेतले उदाहरण. विरोधक म्हणतो, दिव्याची ज्योतही रात्रभर "तीच" वाटते, पण ती क्षणाक्षणाला नवी असते. म्हणजे ओळख फसवी असू शकते. हे खरे आहे. पण वाचकहो, येथे आमच्या ध्यानात असे आले की हे भाऊ ज्यावरून भांडत होते तो प्रश्न हा नव्हताच. सायकल तीच की दुसरी, हे ठरले तरी त्यांचे भांडण मिटले नसते. खरा प्रश्न असा की तात्यांच्या मागे आपण कशाशी इमान राखायचे? त्यांच्या आवडीशी, त्यांच्या खुणेशी, की त्यांच्या कामाशी? धाकटा आवडीला धरून होता, थोरला खुणेला, नातू कामाला. तिघेही तात्यांनाच धरून होते, म्हणून भांडण अवघड.

आम्ही सायकल अंगणात आणायला सांगितली आणि नीट पाहिली. पाहता पाहता दोन प्रकारच्या खुणा वेगळ्या दिसू लागल्या. हँडलच्या उजव्या मुठीवर बोटांचे खळगे पडले होते. चामड्याची सीट एका बाजूला किंचित खचलेली होती. तात्यांना त्या अंगावर भार देऊन बसायची सवय असावी. पुढच्या दांडीवर रंग एका ठिकाणी पार उडून आतले लोखंड गुळगुळीत झाले होते. थोरले म्हणाले, "तिथं मी बसायचो." कॅरिअरच्या कडा वह्यांच्या गठ्ठ्यांनी घासल्या होत्या. या झाल्या एका प्रकारच्या खुणा. दुसऱ्या प्रकारच्या अशा: मडगार्डला भोके पडली होती, रिमवर लाल खपल्या, तारा सडलेल्या, चेन एकसंध गोळा झालेली, आणि सगळ्यावर गोठ्यातल्या दमटपणाची साल.

आम्ही म्हटले, हे बघा, यातली झीज ही तुमच्या तात्यांची आहे. गंज मात्र त्यांचा नाही. झीज वापराने होते. तीत माणसाचा हात, पाय, भार, वाट, सगळे उतरलेले असते. गंज न वापरल्याने चढतो. त्यात फक्त पाणी, हवा आणि दुर्लक्ष. तात्या असेपर्यंत या सायकलीला गंज नव्हता, हे धाकट्या भावानेच सांगितले. तेव्हा गंज काढला तर तात्यांचे काही जात नाही. जाते ते पुढच्यांनी केलेल्या हेळसांडीचे टिपण. आणि झीज घालवली तर मात्र तात्यांचेच जाते. वाळूचा मारा हा भेद जाणत नाही. तो गंजाबरोबर झीजही नेतो, रेघाही नेतो, आणि चेनच्या पेटीवरचे ते नावही नेतो.

यावर धाकटे म्हणाले, "नाव पुन्हा लिहून घेऊ, महाराज. चांगला पेंटर बघू. हुबेहूब काढील." हा पूर्वपक्ष वरवर पाहता बिनतोड आहे. अक्षरे तीच असतील, जागा तीच असेल, कदाचित रंग अधिक टिकेल. मग उणे काय? उणे एवढेच की तो हात नसेल. तात्यांनी नाव लिहिले तेव्हा सायकल हरवू नये म्हणून लिहिले. त्यात त्यांचा त्या सकाळचा श्वास आहे, एका ठिकाणी कुंचला किंचित घसरला आहे तो त्यांचा घसरला आहे. पेंटर ती घसरण हुबेहूब काढील, पण ती घसरण राहणार नाही, तिची नक्कल होईल. वडिलांच्या हस्ताक्षरातले पत्र फाडून त्याची सुबक छापील प्रत कोणी ठेवतो का? पत्रातला मजकूर प्रतीतही राहतो, हे खरेच. पण पत्र आपण मजकुरासाठी ठेवलेले नसते.

मग थोरल्यांना वाटले की निकाल त्यांच्या बाजूने लागला. ते म्हणाले, "मग हात लावायचाच नाही, झालं." तेव्हा आम्ही त्यांना जवळ बोलावून पेटीवरच्या नावाचे शेवटचे अक्षर दाखवले. त्याच्या खालून गंजाची एक लाट वर येत होती. रंग फुगला होता. नखाने टोकरला असता तर अक्षराचा काना गळून पडला असता. आम्ही म्हटले, आणखी चार पावसाळे हात लावला नाहीत तर वाळूच्या माऱ्याने एका दिवसात होणारे काम हा गंज सावकाश करील. फरक इतकाच की तेव्हा दोष कुणावर येणार नाही. न करणे हेही एक करणेच आहे. देवघरातली वस्तूसुद्धा रोज पुसावी लागते, ती काय आदर कमी म्हणून?

आता तिसरी गोष्ट, आणि ती सर्वांत कठीण. ब्रेकची एक सळी तुटल्यावर तात्यांनी तेथे तार गुंडाळून काम चालवले होते. ती तार त्यांच्या हातची. म्हणजे आमच्याच न्यायाने ती ठेवायला हवी. तशीच क्रँक धरून ठेवणारी कॉटर पिन. तात्यांच्या पायांनी ती एका अंगाने झिजली होती. तीही त्यांची झीज. पण नातू या सायकलीवर बसून उतारावरून येणार असेल तर? तेथे झीज कुणाची हे विचारायचे नसते. जिवंताच्या जिवापुढे मृताच्या खुणेचा हक्क सरतो. स्वतः तात्या असते तर त्यांनी नातवाला त्या तारेवर भरवसा ठेवू दिला असता का? म्हणून आम्ही सांगितले की भार वाहणारे, फिरणारे आणि थांबवणारे जे जे भाग आहेत, ते निर्धास्त बदला. आणि साक्ष देणारे जे भाग आहेत, ते जपा. ज्या भागात दोन्ही आहे, तो काढून चिंधीत गुंडाळून डब्यात ठेवा. ती तार डब्यात राहील, ब्रेकवर राहणार नाही.

हे बोलायला सोपे. करायचे कसे हेही सांगतो, कारण पुष्कळ घरांतून अशा सायकली उभ्या असतील. आम्ही गावोगावच्या सायकलवाल्यांशी बोलत असतो, त्यातून जे कळले ते हे. प्रथम काहीही खोलण्यापूर्वी सायकलीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि चौकटीवर ठोकलेला नंबर उतरवून ठेवावा. मुलामा पाहावा: पिवळसर ऊबदार झाक असली तर निकेल, निळसर थंड झाक असली तर क्रोमियम, क्रोमियम साधारण 1930 च्या सुमारास रूढ झाले, तेव्हा वयाचा अंदाज येतो. तीन वेगांचा स्टर्मी-आर्चरचा हब असला तर त्याच्या कवचावर बहुधा सालाचा आकडा असतो. मग मऊ कापड आणि हलके यंत्राचे तेल घेऊन आधी न दिसणाऱ्या जागी थोडे घासून पाहावे. सोनेरी रेघा उतरत नाहीत अशी खात्री झाली तरच पुढे जावे. सुटा गंज तेल आणि अगदी बारीक पोलादी लोकरीने निघतो. तेथे धीर हेच औषध. अडकलेल्या सीटच्या खांबाला तेल पाजून आठवडाभर वाट बघावी, हातोडा घालू नये. कॉटर काढताना क्रँकच्या खाली भक्कम टेकू द्यावा, नाहीतर छर्ऱ्यांच्या वाटीला मार बसतो. रॅलेच्या खालच्या वाटीला इंचाला 26 आटे असतात, इतर इंग्रजी सायकलींना बहुधा 24. दुसरी वाटी जोर लावून बसवली तर चौकटीचे आटे कायमचे जातात. चामड्याच्या सीटला फार तेल पाजू नये. ती मऊ होऊन खचते. अठ्ठावीस इंची दीड इंची टायर आपल्या देशात अजून मिळतात, ही सोय आहे. छर्रे, चेन, तारा, ब्रेकची रबरे सरळ नवी घालावीत. रिमचा आऊट काढून घ्यावा. आणि लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, हे चालवणाऱ्याला बजावून ठेवावे. ज्याला आपल्याकडचे सायकलवाले ओव्हरऑइलिंग म्हणतात, ते मन लावून केले तर निम्मा जीर्णोद्धार तेथेच होतो.

या साऱ्यातून एक कसोटी निघते. जे उद्या मागे फिरवता येईल ते आज करायला हरकत नाही. जे मागे फिरवता येणार नाही त्याला शंभरदा विचार करावा. नवे टायर उद्या काढता येतात. उतरवलेला रंग पुन्हा चढत नाही.

जीर्णोद्धाराचा हा विवेक वारकऱ्याला परका नाही. पंढरीच्या मंदिरात 2024 साली पदस्पर्श-दर्शन मार्चपासून काही आठवडे बंद ठेवून पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली काम झाले, आणि जूनच्या आरंभी दर्शन पुन्हा सुरू झाले. तेथे काय केले? मागाहून भक्तिभावानेच बसवलेले संगमरवर आणि फरशा काढल्या आणि जुना काळा दगड मोकळा केला. येथे नवे चढवणे हा जीर्णोद्धार नव्हता, उतरवणे हा होता. उलट जगन्नाथपुरीला नवकलेवराची रीत आहे. 1996 आणि 2015 साली तेथे कडुनिंबाच्या नव्या लाकडाच्या मूर्ती घडवल्या, आणि जुन्यातला ब्रह्मपदार्थ रात्री, डोळे बांधून, नव्यात ठेवला. तेथे लाकूड बदलणे हाच धर्म. दगडाला एक न्याय, लाकडाला दुसरा. दोन्हींत कोणी फसवत नाही, काय जुने आणि काय नवे ते सर्वांना ठाऊक असते. तसेच पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. संग्रहालयात साक्ष मुख्य, चालणे गौण. घरात तसे नाही. घरातली वस्तू घरच्यांच्या उपयोगी पडली पाहिजे.

फसवण्याचा शब्द आला म्हणून आणखी एक सांगतो. जुन्या सायकलींना अलीकडे किंमत येते. मग कोणी नव्या भागांना मुद्दाम जुनाट करतात, नवी छापील चिन्हे चिकटवून "सगळे मूळचे" म्हणून विकतात. कोणी विकत नाहीत, पण पाहुण्यांपुढे तसे सांगतात. ही लबाडी आहे, आणि वडिलांच्या नावावर केलेली लबाडी अधिक वाईट. नवे ते नवे म्हणून सांगावे. त्याने जुन्याची शोभा कमी होत नाही.

इतके सगळे बोलून झाले तरी धाकटे भाऊ गप्पच होते. मग हळूच म्हणाले, "महाराज, तात्यांच्या शेवटच्या आजारात मी मुंबईहून वेळेवर आलो नाही. लहानपणी माझा पाय चाकात गेला तर दवाखान्यापर्यंत त्यांनी मला कॅरिअरवर बसवून सायकल हाताने ढकलत नेली होती. आता ती अशी गोठ्यात बघवत नाही." तेव्हा कळले की त्यांचा रंगाचा हट्ट रंगासाठी नव्हताच. माणसाला मनातले काही पुसायचे असते, आणि ते पुसता येत नाही म्हणून तो पत्रा पुसायला निघतो. आम्ही त्यांना एवढेच म्हटले की प्रायश्चित्त नव्या रंगाने होत नाही. ते निगेने होते. कारखान्यात पैसे भरले की काम एका दिवसात होते आणि मन तसेच राहते. तुम्ही स्वतः कापड आणि तेल घेऊन बसा. तात्या दर रविवारी बसत तसे बसा. नावाच्या अक्षराखालचा गंज तुम्ही थांबवा. त्याला दोन महिने लागतील, लागू द्या. थोरल्यांना म्हटले, तुम्ही त्यांच्याजवळ बसा आणि कोणती खूण कशाची ते सांगा, कारण पुढच्या दांडीची गोष्ट तुम्हांला माहीत आहे आणि कॅरिअरची त्यांना. दोघांच्या आठवणी जोडल्याशिवाय ती सायकल पुरी होत नाही.

आणि शेवटी मिताक्षरेतल्या त्या निर्णयाची आठवण करून दिली. वडिलांचे वाहन पूजून दुसऱ्याला द्यावे, हा त्यातला गाभा आजच्या दिवसांत कसा पाळायचा? नावासकट सायकल देऊन टाका असे आम्ही म्हणणार नाही. नातू ती चालवील हेही एक देणेच. पण कारखान्याला जे पैसे द्यायचे होते ते वाचले. त्याच गावात दूरच्या शाळेला जाणाऱ्या मुली आहेत. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून पुष्कळ मुलींना सायकली मिळाल्या, पण मिळालेल्या सायकलीही पंक्चर होतात, तारा तुटतात, आणि दुरुस्तीला घरात पैसा नसला की त्याही भिंतीला टेकतात. शिक्षकाच्या सायकलीचा जीर्णोद्धार करणाऱ्याने अशा एका तरी सायकलीचे ओव्हरऑइलिंग करून द्यावे. पुढे कळले की दोघांनी मिळून तशा दोन सायकली चालत्या करून दिल्या. त्यांचे सारे समेटले असे मात्र आम्हांला कोणी कळवले नाही. भावांचा अबोला सायकलीइतका लवकर दुरुस्त होत नसतो.

तात्पर्य इतकेच. आपल्याला जे मिळते त्यात मागच्यांची झीज असते आणि आपला गंज असतो. शेत असो, घर असो, विद्या असो, परंपरा असो, हे दोन्ही एकमेकांत मिसळून असतात आणि लांबून एकाच रंगाचे दिसतात. सरसकट सारे जपणारा गंजही पूजतो. सरसकट सारे नवे करणारा झीजही फेकून देतो. दोघांचेही काम झटपट होते, कारण दोघांनाही वाकून बघावे लागत नाही. ज्याला निवडायचे आहे त्याला मात्र जवळ बसावे लागते, बोटाने चाचपावे लागते, जे आपले दुर्लक्ष आहे ते आपले म्हणून ओळखावे लागते, आणि ज्याच्यावर उद्या कुणाचा जीव अवलंबून राहणार आहे ते बदलताना हात आखडता येत नाही. वारसा हा असा हातांनी घ्यायचा असतो. आणि घेतल्यावर तो चालता ठेवायचा असतो, म्हणजे पुढच्याच्या हाती जाईल तेव्हा त्यावर आपलीही थोडी झीज असेल, गंज नसेल.